शब्दचर्चा : ‘तारांकित विक्रम’ म्हणावं का?

टिळकवाडीकर :
शाळेतला क्रीडाविक्रमांचा फलक नव्याने रंगवायचा आहे, मराठी आणि कन्नड दोन्हीत. १०० मीटरची जुनी वेळ स्टॉपवॉचवर घेतलेली, अलीकडची इलेक्ट्रॉनिक यंत्रावर. कागदावर जुनीच सरस दिसते. पीटीचे सर म्हणतात, जुन्या आकड्यापुढे चांदणी काढा आणि खाली खुलासा लिहा. बाई म्हणतात, चांदणी दिसली की त्या पोराने लबाडी केली असंच लोकांना वाटणार. अशा खूण केलेल्या विक्रमाला मराठीत ‘तारांकित विक्रम’ म्हटलं तर चालेल का?

शहापूरकर :
शब्दाची घडण चोख आहे, अडचण अर्थाची आहे. आपल्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की ‘तारांकित प्रश्न’ आपण पेपरात वाचतोच. कन्नडमध्ये ‘चुक्के गुरुतिन प्रश्ने’. त्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात उभं राहून द्यायचं, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी येतं, विषय संपतो. म्हणजे तिथला तारा मानाचा नाही आणि डागही नाही. पुढे विचारायला वाव आहे, इतकंच तो सांगतो. या अर्थाने ‘तारांकित विक्रम’ मला आवडेल. पण वाचणारा तो तसा घेणार नाही. छापताना शिवी गाळायची असली की आपण फुल्या टाकतो, त्यामुळे खूण दिसली की काहीतरी झाकलंय असंच मनात येतं.

ही चांदणी ज्या बेसबॉलमधून आली तिथली कथा तर भलतीच आहे. बेब रूथने १९२७ मध्ये ६० होमरन (आपल्या षटकारासारखे टोले) मारले तेव्हा हंगाम १५४ सामन्यांचा होता. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ मारले तेव्हा तो १६२ सामन्यांचा झाला होता. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक (हे गृहस्थ एकेकाळी रूथच्या नावाने लेख लिहून देत, हे विसरू नये) यांनी ठरवलं की १५४ सामन्यांत रूथला मागे टाकलं नाही तर दोन नोंदी वेगळ्या दाखवायच्या. चांदणी अधिकृतपणे कधी छापलीच गेली नाही! तरी लोकांच्या तोंडी ती मॅरिसला चिकटली ती चिकटलीच. तो १९८५ मध्ये गेला आणि दोन नोंदींचा हा भेद रद्द व्हायला १९९१ उजाडलं. न छापलेल्या खुणेने एवढं केलं, तर तुमच्या फलकावर ऑइलपेंटने काढलेली काय करेल बघा.

खानापूरकर :
काय वो, क्रिकेटवाल्यांना विचारा की! आमच्यात आकड्यापुढची चांदणी म्हणजे नाबाद. ती मिरवायची असते.

शहापूरकर :
हो, आणि तीसुद्धा सगळं सांगत नाही. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर : ४४३*. डिसेंबर १९४८, पुण्यात, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध. ब्रॅडमनच्या ४५२* या प्रथम श्रेणीतल्या तेव्हाच्या उच्चांकाला गाठायला फक्त ९ धावा हव्या होत्या आणि काठियावाडने पुढे खेळायला नकार देऊन सामनाच सोडला. ब्रॅडमनच्या आकड्यापुढे तीच चांदणी, निंबाळकरांच्या पुढेही तीच. समोरचा संघच निघून गेला, हे त्या खुणेत कुठे आहे? ते एका वाक्यात लिहावंच लागतं. त्यांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही, तेव्हा ते वाक्य आपण तरी लिहायला हवं.

माझा मुद्दा असा की आपण ‘विक्रम’ या एका शब्दावर फार ओझं टाकतो. विक्रम म्हणजे मुळात पाऊल टाकणं, त्यावरून पराक्रम. उच्चांक म्हणजे निव्वळ आकडा. नोंद म्हणजे वहीतली ओळ. अट, वारा, यंत्र, सामन्यांची संख्या हे सगळं नोंदीत लिहायचं. पराक्रमाला खूण करायची गरज नाही.

चिक्कोडीकर :
मग कारखान्याचं ‘विक्रमी गाळप’ कसं चालतं? तिथे कुणाचा पराक्रम?

शहापूरकर :
ऊसतोड करणाऱ्याला विचारा. (पण आक्षेप मान्य. ‘विक्रमी’ हे विशेषण आता कुठेही लागतं, पावसालासुद्धा.)

टिळकवाडीकर :
म्हणजे फलकावर नेमकं काय लिहू?

शहापूरकर :
दोन ओळी करा : ‘१०० मीटर (स्टॉपवॉच)’ आणि ‘१०० मीटर (इलेक्ट्रॉनिक)’. घड्याळवाला सुरुवातीला बटण जरा उशिरा दाबतो, म्हणून हातावरची वेळ कमी भरते. १०० मीटरच्या तुलनेसाठी तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायची रीतच आहे. १९७७ पासून धावण्याच्या छोट्या शर्यतींचे जागतिक विक्रम फक्त इलेक्ट्रॉनिक वेळेवर धरतात. यात पोराचा काय दोष? भालाफेकीतही असंच झालं. पूर्व जर्मनीच्या उवे होनने १९८४ मध्ये १०४.८० मीटर फेक केली. १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला आणि विक्रमांची यादी नव्याने सुरू केली. होनचा आकडा जुन्या यादीत आहे, बिनचांदणीचा.

कन्नड बाजूला ‘दाखले’ (कन्नडमध्ये विक्रम) लिहाल तेव्हा आधी शाळेत सांगून ठेवा. आपली मंडळी तो ‘दाखला’ वाचून ऑफिसात जन्माचा दाखला मागायला जातील.

अनगोळकर :
‘सापेक्ष विक्रम’ कसं वाटतं?

शहापूरकर :
परीक्षेतल्या उत्तरासारखं.

निपाणीकर :
कुस्तीत ही भानगडच नाही. ‘निकाली’ म्हटलं की चितपट, ‘गुणांवर’ म्हटलं की गुणांवर, ‘बरोबरीत सोडवली’ म्हटलं की पंचांनी हात वर केले. बातमीत डावसुद्धा येतो : घिस्सा मारून आस्मान दाखवलं. कुस्ती कशी झाली ते त्या शब्दातच येतं, पुढे चांदणी लावायला जागा उरत नाही. धावण्यासाठी असा एकेक शब्द कुणाला सुचतोय का?

खानापूरकर :
स्टॉपवॉचवरच्या वेळेला ‘हातवेळ’?

टिळकवाडीकर :
‘हातवेळ’ चालेल. पेंटर उद्या येतोय, बाईंना विचारून बघते.