तालमीत घाला, पण राहायला नको

मुलगा आठ वर्षांचा आहे, आत्ताच कुस्तीला घालावा का, असं तुम्ही विचारलंय. घाला की! फक्त काहीजण सांगतात तसं तालमीत राहायला ठेवू नका. आमचा पोरगा कोल्हापुरात नवव्या वर्षी जायला लागला, रोज संध्याकाळी दीड तास. पहिले दोन महिने नुसतं माती उकरणं, कोलांट्या, बैठका आणि पडायचं कसं ते. घरी येऊन रुसायचा, "माझी कुस्ती कधी लावणार?" वस्तादांना घाई नव्हती, ते बरंच झालं. पहिला डाव शिकवला तो पट काढायचा, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायचा, आणि मग कितीतरी दिवस तोच.

मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालतात, तरी गजकर्ण होतंच. आल्या आल्या साबण लावून आंघोळ, लंगोट रोज धुतलेला, नखं कापलेली. यात आळस केला की अख्खं घर खाजवत बसतं (आम्ही बसलोय). प्रोटीनचे डबे कशाला? दूध, अंडी, भिजवलेले बदाम, पोटभर भाकरी पुरे. वजनगटात बसवायला पोराला उपाशी ठेवा म्हणाले, तर सरळ नाही म्हणा. ऑलिंपिकच्या कुस्त्या मॅटवर होतात, म्हणून माती आणि मॅट दोन्ही असलेली तालीम जवळपास मिळाली तर तीच बघा.