चमचा आधी जिभेवर

खारट झालेल्या सूपमध्ये बटाटा टाकावा, असं बरेच जण सुचवतात. मीही वर्षानुवर्षं तेच करायचे. ज्यांच्या हाताखाली स्वयंपाक शिकले, त्या बाईंनी एकदा बटाटा काढून उरलेलं सूप मला चाखायला लावलं. जवळपास तेवढंच खारट! बटाटा मिठाबरोबर पाणीही शोषतो. खारटपणा उतरवायचा तर बिनमिठाचं पाणी किंवा भाज्या वाढवायला हव्यात, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांची खरी शिकवण मात्र चाखण्याची. चमचा भरायच्या, फुंकर घालायच्या, डोळे मिटायच्या आणि विचारायच्या, "काय कमी आहे गं?" मी हमखास "मीठ" म्हणायचे. त्या दोन थेंब लिंबू पिळायच्या आणि चव एकदम उघडायची. कडवटपणाला मात्र त्या चिमूटभर मीठच घालत, कारण मिठाने कडू चव दबते. उकळी चालू असताना मीठ कधीच पूर्ण घालू देत नसत. पाणी आटलं की तेच मीठ जास्त लागतं.

आजही गॅस बंद करण्याआधी माझे डोळे आपोआप मिटतात, त्यांच्यासारखेच.