मदत हवी आहे: एच. पायलोरी गेल्यावर पेशींचं नुकसान भरून येतं का?

नमस्कार मंडळी. बाबांच्या एंडोस्कोपीत एच. पायलोरी हा जठरातला जंतू निघाला, बायोप्सीत 'इंटेस्टायनल मेटाप्लेझिया'ही (जठराच्या अस्तरातल्या पेशी आतड्यातल्या पेशींसारख्या होणं) लिहून आलंय. अँटिबायोटिकचा १४ दिवसांचा कोर्स कालच संपला. तोंड सतत कडू, पेजेशिवाय काही घशाखाली उतरत नव्हतं, पण एकही गोळी त्यांनी चुकवली नाही.

हा जंतू १९९४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे सिद्ध झालेल्यांत, आहे. जठराला वर्षानुवर्षं सूज राहते, पेशींच्या डीएनएला इजा होते. जंतू गेला की सूज उतरते. पण डीएनएत आधीच झालेले बदल मागे फिरतात का?

जंतू गेला का हे पाहायला श्वासाची चाचणी चार आठवड्यांनी आहे, त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद. मेटाप्लेझिया असलेल्यांना पुढची एंडोस्कोपी किती वर्षांनी सांगितली? आम्हा भावंडांनीही तपासून घ्यावं का? एकाच ताटात जेवत मोठे झालोय. जाणकारांनी कृपया सांगावं.