बारीक चाकांची सवय होताना

दोन आठवड्यांपूर्वी सायकल बदलली. आठ वर्षं २६ × २.१ इंचांच्या जाड टायरची, पुढे धक्के झेलणारे शॉक असलेली सायकल चालवली आणि आता कामावर जायला ७०० × २८ मिलिमीटरची घेतली. म्हणजे चाक मोठं, पण टायर जवळपास निम्म्या जाडीचा. पहिल्या दिवशी वाटलं, सायकलवर नाही, दोन बांगड्यांवर बसलोय. हँडलला नुसता हात लागला तरी स्वारी भलतीकडे.

पाचव्या-सहाव्या दिवशी लक्षात आलं की घोळ माझ्या हातांत आहे. जुनीला वळवायला जोर लागायचा, तेवढाच जोर मी हिलाही लावत होतो. मुठी आवळलेल्या, कोपर ताठ. कोपर सैल सोडले तशी ती आपसूक सरळ जायला लागली. मागे बघणं मात्र अजून जमत नाही. मान वळली की सायकलही वळते. तुमचं कसं झालं? पडला असाल तर तेही लिहा, लाजू नका.

*

पडले. हनुवटीला तीन टाके.

गटाराच्या जाळीने घात केला. जाड टायरवर त्याच जाळीवरून शंभरदा गेले असेन, तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच आहेत हे कधी पाहिलंच नव्हतं. नव्या सायकलचं पुढचं चाक अलगद फटीत उतरलं, सायकल तिथेच राहिली आणि मी पुढे गेले. तेव्हापासून फट, रूळ, पुलाचा सांधा, काहीही आडवं आलं की आधी मागे बघते, जरा बाहेरून येते आणि होईल तितकं काटकोनात ओलांडते. रूळ ओले असतील तर सरळ उतरते. मागचे हसतात, हसू देत. रस्त्यावरचे पांढरे पट्टेही पावसात साबणासारखे होतात. त्यांच्यावर ना ब्रेक, ना वळण.

*

माझी फजिती व्हॉल्व्हची. सायकल आणली, चार दिवसांनी हवा भरायला गेलो तर व्हॉल्व्ह पेन्सिलीच्या टोकासारखा बारीक. पेट्रोल पंपावरची नळी बसेना. घरी पंप आणला, तर हवा आत जाईना. अर्धा तास घाम गाळल्यावर शेजारच्या शाळकरी मुलाने दाखवलं: "काका, टोकाची ती चाकी सैल करा, एकदा दाबून फुस्स करा, मग भरा." आता पितळेची एक छोटी टोपी कायम खिशात असते. ती लावली की साधी नळीही चालते.

*

हवेचंच पुढे सांगतो, कारण बारीक टायरची निम्मी दुखणी तिथेच आहेत. मला पहिल्या महिन्यात चार पंक्चर झाले. दर वेळी ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. खिळा नाही, काच नाही. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर टायर पार दबतो आणि रिम ट्यूबला चिमटा काढते, हे नंतर कळलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. टायरच्या बाजूवर ११५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलं होतं, तेवढी ठासून भरली. आठवडाभर दात वाजत होते आणि खडीवर मागचं चाक उड्या मारत होतं. अहो, तो आकडा कमाल मर्यादेचा असतो! माझं वजन ८२ किलो. हळूहळू कमी करत मागे ८० आणि पुढे ७० वर थांबलो. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून हवाही जास्त. तुमचं वजन कमी असेल तर आकडाही उतरेल. टायर अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, ६० आणि ९० दोन्ही दगडच लागतात. मापक असलेला उभा पंप घ्या आणि आठवड्यातून एकदा तरी बघा. आत हवा मुळात थोडी, ती लवकर उतरते.

*

मला काही वेगळं जाणवलं नाही बुवा. अर्ध्या तासात सवय झाली. बूड दुखतं, एवढंच.

*

बूड दुखतं कारण खड्ड्यातही बसून राहता! पॅडल समपातळीत आणायची, सीटवरून जरा उठायचं, गुडघे-कोपर सैल. शॉक नाहीत ना, मग ते काम आपल्याला करावं लागतं. आणि खड्ड्याकडे टक लावू नका. नजर खड्ड्यात तर चाकही खड्ड्यात. मोकळ्या वाटेकडे बघा. पाठीवरची जड सॅक उतरवून कॅरिअरच्या बाजूला खाली लावली, तेव्हा माझं डगमगणं निम्मं झालं.

*

मी तीन महिने सोसून टायरच बदलले. फ्रेममध्ये जागा होती, तिथे ३५ चे आरामात बसले. बारीक म्हणजे वेगवान हा समज माझ्याही डोक्यात होता, पण शर्यतीतले लोकसुद्धा २३ वरून २५ आणि २८ वर आलेत. माझा कामावर पोचायचा वेळ बदलला नाही, मनगटं मात्र सुटली. बदलण्याआधी फ्रेम आणि ब्रेकमधली जागा तेवढी मोजा.

*

धागा मीच काढला होता. वरचं वाचून काल मापक आणला. मागे ४५, पुढे ३८. दुकानातून आणल्यापासून हातच लावला नव्हता. आज ७५ आणि ६५ भरून निघालो, आणि वळणावर ती जी पोहल्यासारखी वाटायची ना, ते गेलं. मागे बघणं अजून तसंच आहे. त्यावर कुणाकडे काही उपाय?