पोट सुटलंय, पण टोटल कोलेस्टेरॉल १९८. रिपोर्ट नॉर्मल समजायचा का?

धरमपेठकर
लहान भावाचा रिपोर्ट आहे. वय ४२, उंची १६८ सेंमी, वजन ८१ किलो, कंबर १०१ सेंमी. उपाशीपोटी टोटल १९८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११०. घरचे म्हणतात, टोटल दोनशेच्या आत आहे, काही होत नाही. वजनाचा या आकड्यांशी नेमका संबंध काय? किती किलो उतरवले तर फरक पडेल?

लॅबवाला
टोटलवर जाऊ नका भाऊ. त्यातून एचडीएल वजा करा: १९८ – ३४ = १६४. हे नॉन-एचडीएल, म्हणजे धमन्यांत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. ते १३० च्या आत हवं. इथे एचडीएलच कमी आहे, म्हणून टोटल देखणं दिसतंय.

एलडीएल ११० हाही बहुधा हिशेबाने काढलेला आहे: टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. करून बघा, जुळतो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चुकतं, तेव्हा डायरेक्ट एलडीएल करायला सांगायचं. आदल्या रात्री दारू झाली असेल तरी ट्रायग्लिसराइड चढून येतं, तेही विचारून घ्या.

पोटाचा_घेर
खरी गडबड कातडीखालच्या चरबीपेक्षा आतड्यांभोवतीच्या चरबीची. तिच्यातून फॅटी ॲसिड सतत सुटत राहतात आणि पोर्टल शिरेतून थेट लिव्हरला पोचतात. लिव्हर त्यांचं ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएलच्या (चरबी वाहून नेणाऱ्या) कणांत भरतं आणि रक्तात सोडतं. इन्सुलिन नीट लागू पडत नसलं की हे कण साफ करणारं एन्झाइमही मंदावतं. म्हणून २६८.

पुढे हे कण आपलं ट्रायग्लिसराइड एचडीएल-एलडीएलला देतात आणि बदल्यात कोलेस्टेरॉल घेतात. असं लादलेलं एचडीएल लवकर संपतं, म्हणून ३४. एलडीएलचे कण बारीक आणि घट्ट होतात, त्यामुळे तेवढ्याच ११० मध्ये कणांची संख्या जास्त असते. तो ११० पाहून निर्धास्त राहू नका.

कंबर पँटच्या पट्ट्यावर मोजू नका, पट्टा पोटाखाली घसरलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर टेप लावा. आपल्याकडे मर्यादा पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंमी. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २८.७ येतो, भारतीयांत २५ पासूनच लठ्ठपणा धरतात.

आहारवाली_ताई
दादा, वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे ४ ते ८ किलो उतरले तरी ट्रायग्लिसराइड साधारण पाचव्या हिश्श्याने खाली येतं. एलडीएल मात्र फारसं हलत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

बरेच जण तेल तोडतात आणि साखर, मैदा, दारू तशीच ठेवतात. ट्रायग्लिसराइड चढवण्यात याच तिघांचा हात मोठा, कारण उरलेल्या साखरेचीही लिव्हर चरबीच करतं. आधी गोड चहा, बिस्किटं, संत्रा बर्फी थांबवा. मग तेलाकडे या: चौघांच्या घरात महिन्याला २ लिटर पुरे. १५ मिली तेलात जवळपास १२० कॅलरी असतात. तर्री पोहा सोडवत नसेल तर पोहे कमी, चणे जास्त घ्या आणि वरचा लाल तवंग ओतू देऊ नका. सावजी रश्श्यालाही तेच. ज्वारीची भाकर आणि जवसाची कोरडी चटणी चांगली, पण चटणीवर तेलाची धार नको.

रोज ४५ मिनिटं भरभर चालणं, आठवड्यातून ५ दिवस. मे महिन्यात ऊन चढायच्या आत उरकून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनी) आणि एसजीपीटी (लिव्हर) करून न्या. थायरॉइड मंद असेल तर नुसत्या पथ्याने आकडे उतरत नाहीत. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं तर थांबू नका, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

धरमपेठकर
संत्र्याचा रस चालेल का? आणि पुढची तपासणी कधी करायची?

आहारवाली_ताई
संत्री सोलून खाऊ द्या, रस नको. ग्लासभर रसात तीन-चार संत्र्यांची साखर येते आणि चोथा जातो.

लॅबवाला
तपासणी ३ महिन्यांनी. वजन झपाट्याने उतरत असताना एचडीएल काही काळ आणखी खाली येतं आणि लोक घाबरतात. काटा दोन-तीन आठवडे एका जागी ठरला की मग रक्त द्या, शक्यतो त्याच लॅबमध्ये.