स्पॅनिश यकृतात अंजीर कुठून आलं?

प्रश्न: आठ महिन्यांपासून स्पॅनिश शिकतेय. काल अवयवांची नावं पाठ करताना यकृताला 'इगादो' असं वाचलं आणि थबकले, कारण अंजिराला 'इगो' म्हणतात. इटालियनमध्येही तीच जोडी: 'फेगातो' आणि 'फिको'. हा योगायोग आहे हे मनाला पटत नाही. लॅटिनमध्ये तर यकृत म्हणजे 'येकुर'. तो शब्द गेला कुठे?

उत्तर १: शंका रास्त आहे, योगायोग नाहीच. रोमन लोक हंसांना आणि डुकरांना अंजिरं चारून त्यांचं यकृत मोठं करत. रोमन कवी होरेसने वर्णन केलेल्या मेजवानीत रसाळ अंजिरांवर पोसलेल्या पांढऱ्या हंसिणीचं यकृत वाढलेलं आहे. अशा यकृताला 'येकुर फिकातुम' म्हणत, म्हणजे अंजिराचं यकृत. 'फिकुस' म्हणजे अंजीर. ही रचना ग्रीकांची. त्यांच्या 'सूकोन', म्हणजे अंजीर, या शब्दावरून बनलेल्या विशेषणाचा तो अनुवाद. पुढे बोलण्यात 'येकुर' गळून पडला, नुसतं विशेषण उरलं आणि ते माणसाच्या यकृतालाही लागलं. स्वयंपाकघरातला शब्द शरीरात शिरल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही! फ्रेंच 'फ्वा', पोर्तुगीज 'फीगादो', कातालान 'फेज्जे' ही सगळी त्याचीच लेकरं. स्पॅनिशमध्ये आरंभीच्या 'फ'चा 'ह' झाला आणि तोही आता उच्चारत नाहीत, म्हणून 'इगादो'.

उत्तर २: रुमानियनमध्ये 'फिकात'. तिथे आघात, म्हणजे उच्चारातला जोर, अजून मूळ जागी, 'का'वर आहे. स्पॅनिश-इटालियनमध्ये तो पहिल्या अक्षरावर सरकला. शिवाय रुमानियनांनी अंजिरासाठी स्लाव्ह भाषांतला शब्द घेतला, 'स्मोकिना'. त्यामुळे तुम्हाला पडला तो प्रश्न त्यांना पडायचं कारणच नाही. आधुनिक ग्रीकमध्येही यकृत म्हणजे 'सिकोती', तेही अंजिरातूनच.

उत्तर १: एक राहिलं. 'येकुर' रोमान्स भाषांतून, म्हणजे लॅटिनच्या या लेकींतून, गेला, पण त्याचा भाऊ आपण रोज वापरतो: 'यकृत'. दोन्ही एकाच मुळाचे. संस्कृतात षष्ठीला 'यक्नः' होतं, लॅटिनमध्ये 'येकिनोरिस': दोन्हीकडे मूळ रूपात नसलेला 'न' येतो. ग्रीक 'हेपार'ही याच कुळातला, 'हेपटायटिस' त्यावरूनच.

प्रश्नकर्ती: मग येकुर शोधायला लॅटिनपर्यंत जायलाच नको होतं, तो माझ्याच तोंडात होता. आता 'इगादो' विसरणार नाही.