पायरी नव्हे, मुक्काम

काही जण म्हणतात की न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं किंवा लंडनच्या वेस्ट एंडचं मोठं म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचाचं नाटक, ही नटासाठी सिनेमाकडे जायची पायरी असते. काहींसाठी असेलही. पण आठवड्याला आठ प्रयोग, तेही गाणं, नाच आणि अभिनय एकदम, हे निव्वळ पायरी म्हणून कुणी वर्षानुवर्षं करेल असं मला वाटत नाही. आवाज टिकावा म्हणून प्रयोगानंतर बोलणंसुद्धा टाळणारे कलाकार असतात. शंभरावा प्रयोग असला तरी समोरचा प्रेक्षक बहुधा पहिल्यांदाच बघत असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो 'स्विंग' कलाकारांबद्दल. समूहातल्या, म्हणजे मुख्य भूमिकांमागे गाणाऱ्या-नाचणाऱ्या चमूतल्या, अनेकांच्या जागा, हालचाली, सुरांचे वेगवेगळे भाग त्यांना तोंडपाठ लागतात. कुणी आजारी पडलं की ऐनवेळी, कधी तर चालू प्रयोगात, त्या जागी उभं राहायचं. आणि जाहिरातीवर नाव नाहीच!

ब्रॉडवेवर १९५० पासून एक सुंदर प्रथा आहे. नव्या म्युझिकलच्या शुभारंभाच्या रात्री, पडदा उघडण्याआधी, समूहातल्या ज्या कलाकाराच्या खाती सर्वाधिक ब्रॉडवे म्युझिकल्स असतील त्याला एक झगा दिला जातो, 'लेगसी रोब'. आधीच्या निर्मितींच्या खुणा त्यावर शिवलेल्या असतात. तो घालून कलाकार रंगमंचावर तीन फेऱ्या मारतो आणि बाकीचे शुभशकुन म्हणून झग्याला हात लावतात. हा मान फक्त समूहातल्या कलाकारांचा, नायक-नायिकांचा नाही.